‘काही नाही, बरं आहे’ म्हणणाऱ्या माणसाला पुढं काय विचारायचं?

उधारीवही

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. गावातली निम्मी उधारी माझ्या वहीत असते, त्यामुळे माणसांचे चढउतार नको म्हटलं तरी दिसतात. दर आठवड्याला येऊन बाकावर अर्धा तास बसणारा महिनाभर फिरकत नाही. पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारा भाव न विचारता माल उचलतो. एखादा अवचित येऊन सगळी बाकी चुकती करतो आणि विचारतो, "तुमचं माह्याकडं आता काही राह्यलं नाही ना?" दुकानदार म्हणून मी खूश व्हायला पाहिजे. पण अशा वेळी मी त्याला बसवून घेतो आणि चहा सांगतो.

अडचण चहानंतरची आहे. "कसं काय चाललं?" "काही नाही भाऊ, बरं आहे." मग कापसाचा भाव, मग पाऊस, मग तो उठतो.

एनसीआरबीच्या (केंद्र सरकारचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. दहांत सात पुरुष. राज्यांत महाराष्ट्र पहिला, २२,७४६. आमच्या भागाचा विषय निघाला की लोक शेतकरी आणि कर्ज एवढंच बोलतात. पण त्याच अहवालात शेतकरी आणि शेतमजूर मिळून ११,२९० आहेत, आणि रोजंदारीवर जगणारे एकूण आकड्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. कारणांत सगळ्यात वर ‘कौटुंबिक समस्या’, त्याखाली ‘आजारपण’. कर्जबाजारीपणा बराच खाली. म्हणजे ज्याला कर्ज नाही पण घरात सहा महिने कुणी धड बोलत नाही, किंवा ज्याची कंबर कामातून गेली आहे, त्याच्याकडे आपण बघतच नाही.

आम्ही चौघं, म्हणजे सलूनवाला, निवृत्त मास्तर, एसटीतले एक वाहक आणि मी, गावातल्या पुरुषांसाठी आठवड्यातून एकदा बसायची जागा करू पाहतोय. समुपदेशन केंद्राचा बोर्ड लावला तर कुणी फिरकणार नाही हे पक्कं माहीत आहे. जाणकारांनी सांगावं: थेट विचारावं का? आणि तो "हो" म्हणाला तर पुढं काय? ‘सकारात्मक राहा’ छापाचे प्रतिसाद नकोत, ते रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांसकट येतात.

चहाटळ

विषय चांगला, पण थोडी काडी टाकतो. पुरुषांनी बोलावं, बोलावं असं सगळे म्हणतात. बोलला की काय होतं ते बघा. आमच्या टीममधल्या एकानं मॅनेजरला सांगितलं की झोप लागत नाही, धडधड होते. पुढच्या अप्रेझलला ‘दबावाखाली काम करण्याची क्षमता सुधारावी’ असा शेरा आला. मित्रांत सांगितलं तर एक म्हणतो जिम लाव, दुसरा म्हणतो लग्न कर, तिसरा म्हणतो चल बसू. ऐकणारा तयार नसेल तर बोलणाऱ्यानं तोंड उघडून फक्त स्वतःचा बाजार उठवायचा. त्यामुळे आधी ऐकणाऱ्यांची शिकवणी घ्या.

ओपीडी_नंबर_चार

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात आहे. चहाटळ यांच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. उधारीवही, तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं देतो, जरा लांबतील.

थेट विचारा. विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो ही भीती खरी नाही, यावर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. पण "तसलं काही वेडंवाकडं मनात नाही ना?" असं विचारू नका. या प्रश्नातच तुम्ही उत्तर सांगून टाकलेलं असतं आणि समोरचा ते गुमान देतो. असं विचारा: "इतकं सगळं एकदम अंगावर आलं की काहींना जगणं नको होतं. तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" आवाज नेहमीचाच ठेवा, कुजबुजू नका. आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणंच लोकांना जमत नाही. समोरचा खाली बघतो, बोटं मोडतो, आणि आपण घाबरून म्हणतो, "अरे सहज विचारलं." संपलं. दार बंद झालं.

"हो" आलं तर दचकू नका, मुलाबाळांची शपथ घालू नका, "एवढ्याशा गोष्टीसाठी?" तर मुळीच नको. कधीपासून येतो ते विचारा. कसं करायचं ते ठरवलंय का, त्यासाठीची वस्तू हाताशी आहे का, हेही विचारा. या शेवटच्या दोन्हींना "हो" असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही. ती वस्तू घरातून हलवा, काही आठवडे दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात राहू द्या. यात तुम्ही औषधविक्रेते आहात म्हणून एक सांगतो. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकं एकेक करून बंद केली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्येचा दर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. ‘ठरवलंच असेल तर तो काहीही करेल’ असं जे आपल्याकडे म्हणतात ते बहुतेकांच्या बाबतीत खोटं आहे. तो टोकाचा क्षण ओसरतो. तेवढा वेळ मिळायला हवा.

"कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "गावात बोलणार नाही, पण तुझ्या जिवासाठी ज्याला सांगावं लागेल त्याला सांगेन, आणि तुझ्यासमोर सांगेन" इतकंच द्या.

टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. नंबर लिहून देऊन मोकळे होऊ नका. तुम्ही शेजारी बसा आणि त्याच्याच फोनवरून लावायला सांगा. अगदी तातडी असेल तर १०८ किंवा ११२, किंवा गाडीत घालून सरळ जवळचं सरकारी रुग्णालय.

पोलिसांच्या भीतीनं लोक दवाखान्यात आणत नाहीत, म्हणून हेही लिहितो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५: प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं, शिक्षेचा विषय नाही, तिची काळजी घेणं, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडविधानातलं कलम ३०९ सुद्धा जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत घेतलेलं नाही.

एक_दिवस

मी दारुडा. पुष्कळ वर्षं झाली थेंब घेतलेला नाही, पण बैठकीत ओळख अशीच करून देतो म्हणून इथंही तशीच दिली.

उधारीवही, तुम्ही जे करू पाहताय ते आमच्याकडे चालू आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही पक्के पिणारे, एकमेकांशी बोलायला बसले तिथून झाली. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काढलं, तिथंही पूर्वी पिणारी माणसंच पुढं कार्यकर्ते झाली. त्याचा फायदा असा की थापा मारायची सोयच नसते. डॉक्टरला मी गुंडाळला होता, बायकोला गुंडाळलं होतं. समोर बसलेल्या जुन्या बेवड्याला कसा गुंडाळणार? तो हसतो फक्त.

बैठक कशी चालते ते सांगतो, उपयोगी पडेल. शाळेचा वर्ग असतो, संध्याकाळी मोकळा. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्ये तोंड घालायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. "तू असं कर" बंद. बोलायचं असेल तर "माझं असं झालं" म्हणायचं. बोलायची सक्ती नाही, "आज फक्त ऐकतो" म्हटलं तरी चालतं. इथं ऐकलेलं इथंच राहतं. वेळ झाली की बंद, रंगात आली म्हणून लांबवायची नाही.

नवीन माणसाला काम द्या. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. मी सुरुवातीला बोलायला जातच नव्हतो, खुर्च्या मांडायला जात होतो. कारण खुर्च्यांची जबाबदारी माझ्यावर टाकली होती आणि नाही गेलो तर सगळे उभे राहतील अशी माझी समजूत करून दिली होती. खुर्च्या मांडता मांडता शेजारचा काहीतरी विचारायचा, मी खुर्चीकडं बघून उत्तर द्यायचो. समोरासमोर बसवून "बोल" म्हटलं असतं तर पुन्हा गेलो नसतो.

आणि बैठकीला पिऊन यायला बंदी घाला. पिऊन मन मोकळं होतं म्हणतात. पिऊन रडू येतं, सकाळी आठवत नाही. ज्याच्या मनात आधीच तसले विचार आहेत त्याला दारूत स्वतःला आवरण्याचा जो थोडा ताबा असतो तोही राहत नाही.

चहाटळ

@एक_दिवस, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. "चल बसू" वाल्या मित्राला पाठवतो.

आक्का_सातारकर

बायकांनी इथं लिहावं का माहीत नाही, तरी लिहिते.

‘कौटुंबिक समस्या’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं भांडखोर बायको येते, ते आधी डोक्यातून काढा. पुष्कळ घरांत नवरा गप्प झालाय हे पहिल्यांदा बायकोलाच कळतं. ती कुणाला सांगणार? दिराला सांगितलं तर घरातलं बाहेर काढलं म्हणून बोलणी. मंडळात एका बाईचा तरी फोन नंबर असू द्या, मास्तरांच्या मिसेस असतील तर त्यांचा. बायका तिथं फोन करतील.

दुसरं. आमचा बचत गट आहे. दर महिन्याला जमतो, पैसे मोजायला वीस मिनिटं लागतात आणि आम्ही दोन तास बसतो. कुणाची सासू आजारी, कुणाला मार बसला, कुणाचा पोरगा ऐकत नाही, सगळं त्या दोन तासांत बाहेर येतं. हिशोब नसता तर आम्हालाही कुणी सोडलं नसतं, "कुठं निघालीस?" झालं असतं. पुरुषांना गावात भजनी मंडळ आहे, गणेश मंडळ आहे, तालीम आहे. सगळीकडं गर्दी, आवाज आणि पदाधिकारी. कुठं असं बसणं नाही जिथं कुणी अध्यक्ष नसतो. तुमच्या बैठकीचं एखादं कामाचं निमित्त ठेवा.

लीड्सवाला

इंग्लंडमध्ये असतो. इथं अँडीज मॅन क्लब म्हणून आहे. लूक अ‍ॅम्बलर या रग्बी लीग खेळाडूचा मेहुणा अँडी २०१६ मध्ये तेविसाव्या वर्षी गेला. घरच्यांना काही सुगावा नव्हता. लूक आणि त्याच्या सासूनं हॅलिफॅक्समध्ये सुरू केलं, पहिल्या दिवशी नऊ जण आले. आता देशभर शाखा आहेत. दर सोमवारी संध्याकाळी सात वाजता, फुकट, नाव नोंदवायचं नाही, अठराच्या वरचा कुणीही पुरुष. डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. चहा-बिस्किटं.

मी जातो. पहिला प्रश्न दर वेळी एकच: आठवडा कसा गेला? आकाश कोसळलं असेल तरी सुरुवात आठवड्यापासून. बसचालक, वकील, नोकरी गेलेला वेल्डर, सगळे त्याच ओळीत. आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत मी ज्यांना वीस वर्षं ओळखतो त्यांना माझ्या घटस्फोटाचं काही माहीत नाही, आणि या परक्यांना सगळं माहीत आहे. हे बरं की वाईट ते तुम्ही ठरवा. ओळखीच्यांपुढं बोलणं जड जातं. तुमच्या गावात सगळेच ओळखीचे असणार, ती अडचण मला मोठी वाटते.

अवांतर: ऑस्ट्रेलियात पुरुषांसाठी सुतारकामाच्या शेड असतात, तिथं माणसं रंधा मारत मारत बोलतात. @एक_दिवस यांच्या खुर्च्यांवरून आठवलं.

रोखठोक७७

सगळं वाचलं. माफ करा, पण बोलून हप्ता भरला जात नाही. माझ्या भावाला लोन अ‍ॅपवाले दिवसाला तीस फोन करत होते, त्याच्या फोनमधल्या सगळ्या लोकांना मेसेज. त्याला काय विचारणार, "आठवडा कसा गेला?" चहा-बिस्किटांनी सिस्टिम बदलत नाही. हे सगळं सरकारच्या अंगावरचं माणसांच्या अंगावर ढकलणं आहे.

गोंयकार_मास्तर

रोखठोक, राग रास्त आहे. पण तुम्ही म्हणता तसं ‘एक तर बोलणं नाही तर पैसा’ असं नसतं. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्रानं ‘आत्मीयता’ नावाचा उपक्रम नाशिक जिल्ह्यातल्या पेठ भागात केला, नंतर गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात नेला. गावातलीच माणसं शिकवून तयार केली: त्रास कुणाला आहे ते ओळखायचं, त्याच्याकडं चार-सहा वेळा जाऊन बसायचं, गरज असेल तर दवाखान्यात पोचवायचं. आणि त्याच कामाचा भाग म्हणून निराधार योजना, पेन्शन, अपंगत्वाचा दाखला अशा कागदांसाठी त्याच्याबरोबर फिरायचं. पेन्शन अडकलेल्या माणसाला नुसतं ‘बोल’ म्हणण्यात काय अर्थ, हे त्यांनाही कळत होतं.

तुमच्या विदर्भातलंही उदाहरण आहे. आमच्या गोव्यातली ‘संगाथ’ ही संस्था अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात होती. गावातल्याच कार्यकर्त्यांनी आधी लोकांशी उदासपणाबद्दल बोलायचं, गरज पडली तर समुपदेशक, त्यापुढं मानसोपचारतज्ज्ञ. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि वर्षभरात जीव द्यायचा विचार आलेल्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. पाऊस तोच होता आणि कापसाचे भाव काही प्रकल्पानं वाढवले नव्हते.

उधारीवही

रोखठोक, तुमच्या भावासाठी: वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास द्यायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे, ऑगस्ट २०२२ चा. स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. अ‍ॅप बेकायदा असेल तर पैसे भरण्याआधी हे करा. गावच्या सावकाराचा प्रश्न असेल तर २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे, तक्रार सहायक निबंधकाकडं. बिगरपरवान्याच्या सावकारानं जमीन लिहून घेतली असेल तर ती परत मिळवायची तरतूद त्यात आहे. आमच्या मास्तरांनी अशा अर्जांत बरंच डोकं घातलंय. कागद घेऊन कचेरीत एकटं जायला माणूस घाबरतो, सोबत कुणी असलं की टेबलापलीकडचा साहेबही जरा सरळ बोलतो.

भाऊ कसा आहे आता?

रोखठोक७७

बरा आहे. म्हणजे तुमच्या धाग्याच्या नावातला ‘बरं आहे’. डॉक्टरांनी लिहिलेला प्रश्न आज विचारला. जेवणं झाल्यावर गच्चीवर. "हो" म्हणाला. उद्या सकाळी नेतोय. रात्री त्याच्याच खोलीत झोपतोय. १४४१६ लावला होता, बाई नीट बोलल्या.

ओपीडी_नंबर_चार

उत्तम केलंत. रजा टाका आणि त्याच्याबरोबर केसपेपरच्या रांगेत उभे राहा, त्याला एकट्याला पाठवू नका. पहिल्याच भेटीत सगळं सुटल्यासारखं वाटेल आणि तो पुढच्या वेळी यायचं टाळेल, तेव्हा दुसरी तारीख तुम्ही लक्षात ठेवा. औषधं सुरू केली तर फरक पडायला दोन-चार आठवडे लागतात, त्या काळात जास्त जपा.

माहेरची_वाट

माझा धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वी गेला. इथले ‘विचारलं की वाचतो’ अशा अर्थाचे प्रतिसाद वाचून छाती भरून आली. आम्ही विचारलं होतं. उपचारही चालू होते.

तुमच्या बैठकीत अशा घरातल्या पुरुषांनाही बोलवा. तेराव्यानंतर आमच्याकडं कुणी येईना. लोकांना काय बोलावं कळत नव्हतं, आणि वडील तर दार लावूनच बसायचे. त्यांचा एक मित्र मात्र रोज सहा वाजता यायचा, "चला, भाजी आणू" म्हणायचा. भावाचं नाव तो सहज घ्यायचा, "त्याला दोडका आवडायचा नाही बुवा." बाकी सगळे ते नाव टाळायचे. वडील तेवढ्याशा रस्त्यावर बोलायला लागले.

ओपीडी_नंबर_चार

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. विचारल्यानं शक्यता वाढते, खात्री मिळत नाही. सगळं करूनही माणसं जातात, आणि त्याचा दोष मागे राहिलेल्यांकडं जात नाही. जवळचं माणूस असं गेलेल्या घरात बाकीच्यांनाही धोका वाढतो, म्हणून तुमच्या वडिलांचा मित्र जे करत होता तेही आत्महत्या रोखण्याचंच काम आहे.

उधारीवही

सगळ्यांचे आभार. काल चौघं बसलो, हा धागा मास्तरांनी मोठ्यानं वाचून दाखवला. ठरलं ते असं. जागा समाजमंदिर. बोर्ड नाही. निमित्त म्हणून कागद: पीकविमा, केवायसी, दाखले, जे अडलं असेल ते घेऊन या, मास्तर भरून देतील. कागद झाले की चहा, आणि वाहक साहेब पहिल्यांदा स्वतःचा आठवडा सांगतील. त्यांचा बदलीचा घोळ चालू आहे, त्यामुळे मसाला भरपूर आहे. पिऊन येणाऱ्याला त्या दिवशी घरी सोडून यायचं, पुढच्या वेळी पुन्हा बोलवायचं. आक्कांच्या सूचनेप्रमाणे मास्तरीणबाईंचा नंबर आशाताईंकडं दिला.

लीड्सवाल्यांचा मुद्दा, सगळेच ओळखीचे, तो खरा आहे. त्यासाठी शेजारच्या गावात तसंच मंडळ काढून माणसांची अदलाबदल करता येईल का बघतोय. ज्याला इथं बोलायचं नाही त्यानं तिकडं जावं. सध्या तरी तिकडचा एक सलूनवाला तयार आहे, त्यालाही खुर्चीतल्या माणसांकडून बरंच ऐकायला मिळतं म्हणे.

वार अडला होता. मी गुरुवार म्हणत होतो, बाजाराचा दिवस म्हणून. एक_दिवस यांनी निरोप पाठवून हाणून पाडला: बाजाराच्या दिवशी हातात पैसे असतात आणि गुत्ता रस्त्यातच. सोमवार ठरलाय, सलून बंद असतं. डेअरीवर दूध घालून माणसं मोकळी होतात म्हणून वेळ साडेसात.

एक_दिवस

साडेसात म्हणजे साडेसातलाच सुरू करा, एक जण आला तरी. खुर्च्या कोण मांडणार ते ठरलं का?